केसपेपर वाचणाऱ्या परिचारिकेच्या तासाचे मोल

आपल्या कित्येक घरांतील मुली परिचारिका झाल्या. कोणी सरकारी रुग्णालयात लागल्या, कोणी महापालिकेच्या प्रसूतिगृहात, कोणी खासगी नर्सिंग होममध्ये. काहीजणी आखाती देशांत, इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतही गेल्या. त्यांच्या कष्टांविषयी सगळेच चांगले बोलतात. परिचारिका दिनी त्यांना गुलाबाचे फूल मिळते, सेवाभावाची स्तुती होते. पण वर्षानुवर्षांच्या नाइट ड्युटीतून त्यांच्या डोक्यात जे ज्ञान साठते त्याची किंमत काय, हे कोणी विचारीत नाही. खरे सांगायचे तर त्या स्वतःही विचारीत नाहीत.

आज आम्ही अशा एका व्यवसायाची माहिती देत आहोत, ज्यात परिचारिकेला हा प्रश्न स्वतःला विचारावाच लागतो. हा व्यवसाय अमेरिकेतला आहे. तिथे त्याला ‘लीगल नर्स कन्सल्टंट’ म्हणतात. आपण तिला वकिलाची सल्लागार परिचारिका म्हणू. ती स्वतःची फी स्वतः ठरवते. ही फी चुकीची ठरली तर तिचे नुकसान होतेच, पण कधी कधी ज्या रुग्णासाठी खटला चाललेला असतो, त्या रुग्णाचा न्यायही त्यात बुडतो. म्हणून हा विषय नुसता पैशांचा नाही.

काम काय असते?

रुग्णालयाचा केसपेपर वकिलाला वाचता येत नाही. इंग्रजी येते, पण तापाचा आलेख, सलाईनचा हिशेब, लघवीचे माप, औषध दिल्याची वेळ, रात्री दोन वाजता सिस्टरने केलेली एका ओळीची नोंद, यांचा अर्थ त्याला लागत नाही. कोणती नोंद असायला हवी होती आणि नाही, हे तर मुळीच कळत नाही. परिचारिकेला ते एका नजरेत दिसते.

एक गाजलेला खटला पाहा. १९६० साली अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात एका कॉलेजकुमाराचा फुटबॉल खेळताना पाय मोडला. रुग्णालयात प्लास्टर घातले. थोड्याच वेळात बोटे सुजली, काळी पडली, गार झाली, त्यांतली संवेदना गेली. पायाचा रक्तपुरवठा बंद होत चालला होता. शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १९६५ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात रुग्णालयावरील जबाबदारी कायम केली. न्यायालयाचे म्हणणे असे की, कुशल परिचारिकेने पायाचे रक्ताभिसरण वारंवार तपासायला हवे होते, धोका ओळखून डॉक्टरला कळवायला हवे होते, आणि डॉक्टरने काही केले नाही तर रुग्णालयाच्या वरिष्ठांना सांगायला हवे होते. म्हणजे बोटांचा रंग पाहणे हे परिचारिकेचे काम. आणि ते झाले की नाही, हे केसपेपरवरून सर्वांत आधी ओळखणार तीही परिचारिकाच.

पुढे २००४ साली त्याच इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा निर्णय दिला. रुग्ण खाटेवरून पडला होता आणि प्रश्न परिचारिकेच्या कर्तव्याचा होता. साक्ष द्यायला मात्र डॉक्टर उभे केले होते. न्यायालय म्हणाले, परिचारिकेने कसे वागायला हवे होते हे परिचारिकेनेच सांगावे. ते शास्त्र वेगळे आहे आणि त्याचा परवाना वेगळा आहे. डॉक्टरच्या हाताखालची बाई म्हणून जिच्याकडे पाहिले जाते, तिच्या ज्ञानाला न्यायालयाने असे स्वतंत्र स्थान दिले.

या सल्लागार परिचारिकांची अमेरिकेतील संघटना १९८९ साली स्थापन झाली. त्यांचे काम दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार पडद्यामागचा. फाईल वाचायची, घटनांचा तारीखवार आणि तासवार तक्ता करायचा, कोणती कागदपत्रे गहाळ आहेत ते सांगायचे, प्रकरणात दम आहे की नाही याचे प्रामाणिक मत द्यायचे, कोणत्या शाखेचा तज्ज्ञ डॉक्टर लागेल ते सुचवायचे. दुसरा प्रकार तज्ज्ञ साक्षीदाराचा. यात परिचारिका स्वतः शपथेवर साक्ष देते आणि विरुद्ध वकिलाच्या उलटतपासणीला सामोरी जाते. दोन्ही कामांची जोखीम वेगळी, म्हणून दोन्हींचा दरही वेगळा असतो.

दरपत्रक का नाही?

कोणाही नव्या परिचारिकेचा पहिला प्रश्न असतो, ‘संघटनेने ठरवलेला दर काय?’ असा दर नाही. त्याला कारण आहे. अमेरिकेत १८९० सालापासून मक्तेदारीविरोधी कायदा आहे. एकाच धंद्यातील लोकांनी संगनमताने भाव बांधणे त्यात गुन्हा ठरते. व्हर्जिनिया राज्यात वकिलांनी किमान फीचे दरपत्रक चालवले होते. १९७५ साली तिथल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. तेव्हा संघटना फार तर सभासदांची पाहणी करून कोण किती घेते याचे चित्र मांडू शकते. ‘इतकेच घ्या’ असा हुकूम काढू शकत नाही. शेवटी प्रत्येकीला आपला हिशेब आपणच मांडावा लागतो.

तासाचा भाव कसा काढायचा?

इथेच बहुतेकजणी फसतात. रुग्णालयात तासाला जे मिळते त्यात थोडे वाढवून त्या दर सांगतात. अमेरिकन सरकारच्या कामगार आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये तिथल्या नोंदणीकृत परिचारिकेचा मध्यम वार्षिक पगार ९३,६०० डॉलर होता. वर्षाचे २,०८० तास धरले तर तासाला ४५ डॉलर. आता एखादी म्हणेल, ‘मी ६० डॉलर घेते, १५ डॉलर जास्तच की!’ पण तसे नाही. आपण पाटीवर मांडून पाहू. यातील काही खर्च आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्येकीने आपापले घालावेत.

नोकरीत सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर या करांचा निम्मा वाटा मालक भरतो. स्वतंत्र व्यवसायात दोन्ही वाटे, मिळून १५.३ टक्के, स्वतःच भरावे लागतात. मालकाचा वाटा ७.६५ टक्के, म्हणजे सुमारे ७,१६० डॉलर. आरोग्य विमा मालक देत होता; तो आता स्वतःचा, समजा ९,००० डॉलर. व्यवसायाचा विमा, संगणक, पुस्तके, टेलिफोन, टपाल, हिशेबनीस, समजा ६,००० डॉलर. म्हातारपणासाठी मालक घालत होता ती रक्कम समजा ४,२४० डॉलर. मूळ पगार धरून बेरीज होते १,२०,००० डॉलर.

आता तास मोजा. आजारपण आणि सुट्या यांचे चार आठवडे सोडले तर उरले ४८ आठवडे, म्हणजे १,९२० तास. पण हे सगळे तास बिलात लागत नाहीत. वकील शोधणे, पत्रे लिहिणे, बिले करणे, नवे वाचन करणे, थकलेली रक्कम मागणे, याचे पैसे कोणी देत नाही. निम्मे तास यात जातात असे धरले तर बिलाचे तास उरले ९६०. एक लाख वीस हजाराला ९६० ने भागले की येतात १२५ डॉलर.

म्हणजे तासाला १२५ डॉलर घेणारी परिचारिका वॉर्डातल्या आपल्या मैत्रिणीपेक्षा एक डॉलरही जास्त कमवीत नाही. ती फक्त तिच्या बरोबरीला आली. पहिल्या वर्षी कामच कमी आले आणि बिलाचे तास ६०० भरले, तर बरोबरीसाठी २०० डॉलर लागतील. आणि ६० डॉलर घेणारी? ती आपल्या घरचे पीठ वकिलाच्या चुलीवर भाजते आहे.

हाच हिशेब आपल्याकडच्या शिलाई करणाऱ्या, पोळीभाजीचे डबे देणाऱ्या आणि घरी जाऊन रुग्णाची सेवा करणाऱ्या भगिनींनीही मांडून पाहावा. सामान आणायला गेलेला वेळ, आजारपणाचे खाडे, बसचे भाडे हे दरात धरले नाही, तर ते आपल्याच पोटातून जाते.

हा आकडा म्हणजे तळाची पायरी. त्यावर अनुभवाची किंमत चढते. अतिदक्षता विभागात किंवा प्रसूतिकक्षात पंधरा वर्षे काढलेल्या परिचारिकेचे मत त्या विभागाच्या खटल्यात जास्त मोलाचे. संघटनेशी संलग्न मंडळाची प्रमाणपत्र परीक्षाही आहे. तिला बसण्यासाठी परिचारिका म्हणून किमान पाच वर्षांचा अनुभव आणि सल्लागारीचे २,००० तास लागतात. प्रमाणपत्र सक्तीचे नाही, पण दर सांगताना त्याचा आधार होतो.

उलट, भरमसाट दरही टिकत नाही. तिथल्या केंद्रीय न्यायालयांच्या नियमाप्रमाणे विरुद्ध पक्षाने तज्ज्ञाची खटल्यापूर्वीची शपथेवरील जबानी घेतली, तर त्या वेळेची वाजवी फी सहसा विरुद्ध पक्षालाच द्यावी लागते. शब्द ‘वाजवी’ आहे. अवास्तव मागितले तर न्यायाधीश फी कापतात, आणि ते कापलेले बिल नावाला चिकटून राहते.

निकालावर हिस्सा नको

आता सर्वांत नाजूक मुद्दा. अमेरिकेत जखमी रुग्णाचा वकील बहुधा आगाऊ फी घेत नाही. खटला जिंकला तर भरपाईतला ठरलेला हिस्सा, बऱ्याचदा तिसरा भाग, तो घेतो. हरला तर त्याची फी बुडते. गरिबाला त्यामुळे वकील मिळतो, हे खरे. पण असा वकील परिचारिकेलाही म्हणतो, ‘सिस्टर, आत्ता काही मागू नका. जिंकलो की तुम्हालाही चांगला वाटा देऊ.’

हा वाटा घेऊ नये. तज्ज्ञ साक्षीदाराला निकालावर अवलंबून मोबदला देणे तिथल्या बहुतेक राज्यांत अयोग्य ठरते, आणि वकिलाने आपली फी वकील नसलेल्या माणसात वाटून घेण्यासही त्यांच्या आचारसंहितेत मनाई आहे. त्यामागचे कारण कोणालाही पटेल. खटला जिंकला तरच मला पैसे मिळणार असतील, तर माझे मत मी सत्याला धरून देईन की पैशाला? पडद्यामागे काम करणाऱ्या परिचारिकेनेही हे पथ्य पाळावे, कारण आज पडद्यामागे असलेल्या बाईला उद्या साक्षीला उभे राहण्याची विनंती होऊ शकते. तोवर ती वाट्याच्या करारात अडकलेली असली, तर तिची साक्ष वाया जाते. मग ज्या रुग्णाचा पाय गेला, ज्या आईचे बाळ गेले, त्यांच्या बाजूचा खरा माणूसच न्यायालयाबाहेर राहतो.

उलटतपासणीत एक प्रश्न ठरलेला असतो, ‘हे मत देण्यासाठी तुम्हाला किती पैसे मिळाले?’ त्याचे प्रामाणिक उत्तर असे, ‘मताचे पैसे मी घेत नाही. वेळेचे घेते. मत दुसऱ्या बाजूचे निघाले असते तरी तासाचा दर हाच होता.’ हे उत्तर शपथेवर देता यावे म्हणून दोन्ही बाजूंच्या वकिलांना एकच दर लावायचा. केंद्रीय न्यायालयात बहुतेक तज्ज्ञांच्या लेखी अहवालासोबत मिळणाऱ्या मोबदल्याचे निवेदन आणि मागील चार वर्षांत दिलेल्या साक्षींची यादी द्यावी लागते. तिथे लपवाछपवीला जागा नाही.

आधी बोली, मग काम

आपल्या नाक्यावर उभा राहणारा गवंडीसुद्धा रोज ठरल्याशिवाय थापी हातात घेत नाही. शिकलेली परिचारिका मात्र ‘पैशांचे कसे बोलायचे’ म्हणून गप्प बसते. या व्यवसायात लेखी करार पहिला. त्यात काय असावे ते आम्ही थोडक्यात सांगतो.

फी कोण देणार ते स्पष्ट हवे. फी वकिलाच्या कार्यालयाने द्यायची, रुग्णाने नव्हे, आणि ती खटल्याच्या निकालावर अवलंबून नाही, असे वाक्य करारात हवेच.

आगाऊ रक्कम घ्यावी. समजा दहा तासांची. ती संपत आली की पुढची मागायची, मगच पुढचे काम.

फाईल न पाहता ठोक रक्कम सांगू नये. ‘छोटीशी केस आहे’ असे वकील म्हणतो आणि खोक्यातून दीड हजार पाने निघतात. आजकाल संगणकातून छापलेल्या केसपेपरात तीच माहिती दहादा येते. तरी प्रत्येक पान उलटावे लागते, कारण फरक एकाच ओळीत असतो. आधी पाने किती ते विचारावे, तासभर वाचून पाहावे आणि मग अंदाज द्यावा. अंदाज ओलांडण्याची वेळ आली तर आधी कळवावे.

घाईच्या कामाचा वाढीव दर, प्रवासाच्या वेळेचा दर, झेरॉक्स-टपालाचा खर्च, हे आधीच लिहून ठेवावे. साक्षीची तारीख ऐनवेळी रद्द झाली तर किती रक्कम परत नाही, तेही लिहावे; तिने त्या दिवसाची ड्युटी सोडलेली असते.

बिल तपशिलाने करावे. तिथे तासाचे दहा भाग करण्याची पद्धत आहे, म्हणजे सहा मिनिटांचा एक भाग. ‘फाईल वाचली, पाच तास’ असे न लिहिता तारीख, कोणत्या विभागाच्या नोंदी वाचल्या, किती वेळ लागला, हे लिहावे. हे बिल उद्या विरुद्ध वकिलाच्या हाती पडू शकते, हे लक्षात ठेवूनच लिहावे.

पहिल्या फोनवर पक्षकारांची नावे विचारून आपला कोणाशी संबंध नाही ना, एवढे तपासावे. त्याचे पैसे घेऊ नयेत. पण केसपेपर उघडला की घड्याळ सुरू. ‘पाचच मिनिटे बघा ना’ ही पाच मिनिटे दर आठवड्याला येतात आणि वर्षाअखेरीस त्यांचे कित्येक तास होतात.

साक्षीच्या दिवशी

साक्षीचा दर तासावर न ठेवता अर्ध्या किंवा पूर्ण दिवसावर ठेवणे सोयीचे पडते. न्यायालयात दहाला बोलावतात, पुकारा होतो तीनला. मधला वेळ कोणाचा? ज्याने बोलावले त्याचा.

ही फी साक्षीच्या आधी जमा झालेली असावी आणि मागची थकबाकीही चुकती झालेली असावी. याचे कारण वसुलीपुरते नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभी असताना तिचे काही हजार डॉलर त्याच वकिलाकडे अडकलेले असले, तर विरुद्ध वकील नेमके तेच विचारतो, ‘हा खटला हरला तर तुमची थकबाकी मिळेल का?’ मग तिचे खरे मतही पैशाच्या आशेचे वाटू लागते. म्हणून वेळेवर फी मागणे ही लोभाची गोष्ट नाही. साक्ष स्वच्छ ठेवण्याचाच तो एक भाग आहे.

आणि जे आपल्या शास्त्राबाहेरचे, ते कितीही फी मिळाली तरी बोलू नये. परिचारिकेने परिचर्येच्या दर्जाविषयी बोलावे. शस्त्रक्रिया बरोबर झाली का, मृत्यूचे वैद्यकीय कारण काय, हे सहसा डॉक्टरने सांगायचे. आपण नोकरी करतो त्या रुग्णालयाविरुद्धचे प्रकरणही घेऊ नये.

अमेरिकेत असलेल्या किंवा जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलींना एक सावधगिरीची सूचना. तिथे परिचारिका म्हणून काम करण्यासाठी एनक्लेक्स परीक्षा उत्तीर्ण होऊन राज्याचा परवाना घ्यावा लागतो. शिवाय एच-१बीसारखा एका मालकाशी बांधलेला व्हिसा असेल, तर बाहेरचे स्वतंत्र काम करून फी घेता येत नाही. व्हिसाच धोक्यात येतो. कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही अडचण राहत नाही. तोवर घाई करू नये.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे हा व्यवसाय अजून रुळलेला नाही. पण त्याची गरज आहे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय दिला. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशी रुग्णालये त्यातून वगळली आहेत. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. उपचारासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क पडत नाही. तक्रार सहसा दोन वर्षांच्या आत करावी लागते.

यात पहिले शस्त्र केसपेपरच. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात. तेव्हा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, प्रती जपून ठेवा. आणि त्या वाचायला घरातल्या, नात्यातल्या किंवा वस्तीतल्या अनुभवी परिचारिकेला बसवा. तारीखवार तक्ता करून दिला तर वकिलाचे अर्धे काम हलके होते.

आणखी एक गोष्ट. आपल्या देशात वकिलालाही निकालावर हिस्सा ठरवून फी घेता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत तशी मनाई आहे. ‘भरपाईत तीस टक्के माझे’ असे कोणी म्हणाला, तर त्याच्यापासून चार पावले दूर राहा.

भगिनींनो, सेवा आणि मोबदला या एकमेकींच्या वैरिणी नाहीत. रात्रभर जागून रुग्णाच्या बोटांचा रंग पाहणारी परिचारिका सेवाच करते. तोच रंग केसपेपरात शोधून न्यायालयाला दाखवणारीही सेवाच करते. फरक एवढाच की दुसरीला आपल्या तासाचा भाव स्वतःच्या तोंडाने सांगावा लागतो. आपल्या मुलींनी तो हिशेबाने काढावा, लिहून द्यावा आणि मान खाली न घालता सांगावा.